मासळीच्या तळ्याकाठी पुष्पवृक्ष कोणते व कोठे लावावे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील कास्तकारांची स्थिती गेल्या सत्तर वर्षांत पार पालटली आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे भोसरी, तळवडे, चाकण या बाजूस कारखान्यांची रांग लागली. पुष्कळांच्या जमिनी त्यात गेल्या. ज्यांच्याजवळ थोडी राहिली त्यांनी ती घराभोवती जपून ठेविली आहे, आणि अशा आवारात तळे खोदण्याची प्रथा अलीकडे वाढत आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना सुरू झाल्यापासून तळ्याचे महत्त्व सर्वांस पटले. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण ठरल्यापासून, तळ्यात मासळी सोडावी, काठाला फुलांची झाडे लावावी व शहरातील मंडळींस तेथे विसावा द्यावा, असा विचार अनेकांच्या मनात येऊ लागला आहे. विचार उत्तम आहे. परंतु रोपवाटिकेत जाऊन फुलाचा रंग पाहावयाचा, चार रोपे आणावयाची आणि पाण्याला लागून लावून टाकावयाची, ही जी रीत पडली आहे ती मासळीच्या मुळावर येणारी आहे. यास्तव या लेखात आम्ही या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणार आहो.

आमच्या सांगण्याचे सार प्रथमच देतो. तळ्याकाठचा वृक्ष फुलावरून निवडू नये. तो पानावरून निवडावा. फूल वर्षातून महिना दोन महिने दिसते. पान मात्र बारा महिने असते, आणि गळल्यावर ते पाण्यात जाते. तसेच वृक्ष कोठे लावावयाचा हे माणसाच्या सोयीवरून न ठरविता सूर्य व वारा यांच्या दिशेवरून ठरवावे.

पाल्यामुळे मासा का मरतो

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. हा प्राणवायू पाण्यात फार थोडा मावतो, आणि पाणी जसजसे तापते तसतसा तो अधिकच कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू राहू शकतो. आपला प्रदेश उंचावर असल्याने येथे हे प्रमाण आणखी किंचित उतरते. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या जातींच्या माशांस सुखाने वाढण्यास लिटरमागे निदान ४ ते ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या हाती शिल्लक फार थोडी असते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, तळे ६० फूट लांब व ४० फूट रुंद, म्हणजे सुमारे सव्वादोन गुंठ्यांचे आहे, आणि पाण्याची सरासरी खोली ५ फूट आहे. त्यात १२,००० घनफूट, म्हणजे सुमारे ३,४०,००० लिटर पाणी झाले. लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम धरले तरी त्या सबंध तळ्यात एका वेळी प्राणवायू भरतो तो अवघा अडीच किलो! आता वाळलेल्या पाल्याच्या वजनात सुमारे शेकडा ४५ भाग कार्बन असतो. असा एक किलो पाला पुरता कुजण्यास सव्वा किलोच्या आसपास प्राणवायू खर्ची पडतो. म्हणजे दोन किलो सुका पाला पाण्यात पडला, तर तो कुजून संपेपर्यंत सबंध तळ्यातील एका वेळच्या साठ्याइतका प्राणवायू गिळतो. हे एका दिवसात घडत नाही, आणि हवेतून व पाण्यातील हिरव्या सूक्ष्म शेवाळातून भरही पडत असते, हे खरे. तथापि मोठे झाड एका मोसमात दोन किलो नव्हे, पोतीच्या पोती पाला टाकते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दिवसा ऊन असते तोवर शेवाळ प्राणवायू देते. रात्री तेच शेवाळ तो खाते. त्यामुळे प्राणवायूची सर्वांत मोठी टंचाई पहाटे पडते. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून येते, वारा पडतो, उकाडा होतो, आणि पहिल्या सरीबरोबर काठावर साचलेला पाला पाण्यात लोटला जातो. अशा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वर काढून धापा टाकताना दिसतात आणि उजाडल्यावर पांढरी पोटे तरंगू लागतात. मालक पाण्यात कोणी विष कालविले म्हणून शोध घेत बसतो. खरे कारण काठावरच्या झाडाखाली पडलेले असते.

पानाच्या तीन परीक्षा

कोणताही वृक्ष तळ्याकाठी लावण्यापूर्वी त्याच्या पानाविषयी तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, पान केवढे असते? मोठे पान जाळीने, पंजाने किंवा हाताने उचलता येते. बारीक पर्णिका कोणत्याही जाळीतून निसटतात, तळाशी बसतात आणि तेथे काळा चिखल करतात. गुलमोहोराची पर्णिका जेमतेम एक सेंटिमीटर लांब असते; जॅकरांडा, म्हणजे नीलमोहर, याचीही तशीच. हे दोन्ही वृक्ष रस्त्याच्या कडेस कितीही शोभोत, तळ्याच्या काठी ते नकोत. याउलट ताम्हण, पळस, सोनचाफा यांची पाने वीतभर असतात, म्हणून त्यांचा पाला गोळा करणे सोपे जाते.

दुसरा प्रश्न, पान केव्हा गळते? जो वृक्ष थोड्या आठवड्यांत सारी पाने टाकतो त्याचा बंदोबस्त करता येतो. तेवढे दिवस तळ्यावर नायलॉनची जाळी ताणली की काम भागते. सदाहरित वृक्ष पाने टाकीतच नाही अशी एक समजूत आहे, ती चुकीची होय. तोही पाने टाकतो, मात्र वर्षभर थोडी थोडी. तेव्हा सदाहरित वृक्षाखाली रोजची झाडलोट व्हावयास हवी. जेथे रोज झाडणारे माणूस नाही तेथे पानगळीचा वृक्षच बरा.

तिसरा प्रश्न, पान, फळ, साल किंवा चीक पाण्यात काय सोडतात? याचे उत्तर ज्या वृक्षाबाबत वाईट आहे तो कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा. त्याविषयी पुढे सांगतो.

जे वृक्ष तळ्याकाठी लावू नयेत

आपल्याकडे रानातील लोक ओढ्यातील मासे धरण्याकरिता काही झाडांची फळे, बिया वा साली ठेचून पाण्यात टाकीत, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. त्यांतील पुष्कळ झाडे दिसावयास शोभिवंत आहेत, आणि फसगत होते ती येथेच.

समुद्रफळ किंवा निवर या झाडास पाण्याकाठची ओल फार मानवते. त्याच्या तांबड्या फुलांच्या लोंबत्या माळा पाण्यावर झुकलेल्या पाहून कोणासही ते तळ्याकाठी लावण्याचा मोह होईल. परंतु याच्या फळात व सालीत फेसकारी विषद्रव्य असते आणि मासे गुंगविण्यासाठी त्याचा उपयोग होत आला आहे. गेळफळ व रिठा यांचेही तसेच. करंज सावलीस उत्तम, त्याचा मोहोर देखणा. पण त्याच्या बिया व मुळ्या माशांस अपायकारक आहेत. मोहाच्या बियांची पेंड तर मत्स्यशेतीत जाणूनबुजून वापरतात. तळ्यात नवे बीज सोडण्यापूर्वी जुने हिंस्र मासे मारून टाकण्यासाठी एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाणी असता सुमारे २५०० किलो पेंड टाकण्याची शिफारस असते, आणि तिचे विष उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात. यावरून झाडाच्या अंगच्या द्रव्याची शक्ती किती असते हे कळून येईल.

कण्हेर व पिवळी बिट्टी ही दोन्ही झाडे सर्वांगी विषारी आहेत. जेथे मुले खेळतात व गुरे पाण्यावर येतात तेथे ती असूच नयेत, मग मासे असोत वा नसोत.

विषारी नसूनही वर्ज्य अशी आणखी काही झाडे आहेत. गुलमोहोराच्या मुळ्या उथळ पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. वादळात ते मोडते किंवा मुळासकट उलथते. आकाशनिंब, ज्यास आपण बुचाचे झाड म्हणतो, त्याच्या फुलांचा वास मोठा गोड. परंतु त्याच्या मुळांतून ठिकठिकाणी फुटवे वर येतात व लाकूडही ठिसूळ असते. पांगाऱ्याला काटे असतात. आजकालच्या शेततळ्यास ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या कागदाचे अस्तर घालतात. एक काटेरी फांदी पाण्यात पडून ओढली गेली की त्यास भोक पडते. कैलासपतीची फळे तोफगोळ्यासारखी जड असून फुटल्यावर त्यांस दुर्गंधी सुटते. वड, पिंपळ व उंबर यांची थोरवी निर्विवाद आहे, पण त्यांच्या मुळ्या बांधास व बांधकामास ठेवीत नाहीत.

जे वृक्ष लावण्याजोगे आहेत

ताम्हण. यासच जारूळ म्हणतात. याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. हा मूळचाच ओढ्याकाठी वाढणारा वृक्ष, त्यामुळे पायाशी ओल राहिली तरी याचे बिघडत नाही. चैत्राच्या अखेरीपासून ज्येष्ठापर्यंत जांभळ्या फुलांचे तुरे येतात. हिवाळ्याच्या अखेरीस पाने तांबूस होऊन गळतात. पान मोठे व चिवट असल्याने गोळा करणे सोपे. आमच्या मते या प्रांतातील तळ्यासाठी हा पहिल्या प्रतीचा वृक्ष होय.

सीता अशोक. रोपवाटिकेत ‘अशोक’ म्हणून जे उंच, शेंड्यासारखे झाड देतात तो आसूपालव होय, खरा अशोक नव्हे. खऱ्या सीता अशोकास नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ माघ ते चैत्र या काळात खोडाफांद्यांवर लागतात आणि कोवळी पालवी तांबूस होऊन लोंबते. हा सदाहरित, मध्यम उंचीचा, ओलावा व थोडी सावली आवडणारा वृक्ष आहे. वाढ सावकाश होते, परंतु तळ्याकाठी सावकाश वाढ हा दोष नसून गुण आहे.

बहावा. चैत्र-वैशाखात पिवळ्या घोसांनी लगडलेला बहावा कोणास ठाऊक नाही? याची पर्णिका बोटभर लांब असल्याने गोळा होते. मात्र पाकळ्यांचा सडा फार पडतो, आणि हात-दीड हात लांबीच्या शेंगांतील गर रेचक असतो. तेव्हा बहावा पाहावयास तळ्याजवळ, पण सडा पाण्यात पडणार नाही इतक्या अंतरावर असावा.

सोनचाफा. सदाहरित व सुगंधी. यास पाणी हवे, पण साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून निचऱ्याच्या उंच जागी लावावा. कलमी रोप लवकर फुलावर येते.

पारिजातक. लहान झाड, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत पहाटे फुले गळतात. चार फुले पाण्यावर तरंगली तर ती शोभाच आहे. पण ती दुपारपर्यंत काढून घ्यावी. फुलांचा बहर संपल्यावर छाटणी केली म्हणजे झाड आटोक्यात राहते.

देवकांचन. आश्विन ते मार्गशीर्ष गुलाबी-जांभळी फुले देतो, म्हणजे इतर वृक्ष रिकामे असतात त्या दिवसांत तळ्याची शोभा राखतो. मध्यम उंचीचा असल्याने लहान आवारासही योग्य.

पळस. फाल्गुनात केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो. हलक्या व पाणथळ अशा दोन्ही जमिनींत जगतो. पान रुंद, पत्रावळीच्या कामाचे. तळ्यापासून जरा दूर, आवाराच्या सीमेवर लावावा.

बकुळ. सदाहरित, गर्द व मजबूत लाकडाचा. फूल लहान पण सुगंध टिकाऊ. वारा अडविण्याच्या कामी उत्तम.

सूर्य, वारा व जागा

आता हे वृक्ष कोणत्या बाजूस लावावे ते पाहू. चाकण व पिंपरी हे सुमारे साडेअठरा-पावणेएकोणीस अक्षांशांवर आहेत. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्या वेळी २० फूट उंचीच्या झाडाची सावली उत्तरेस सुमारे १८ फूट पडते. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि सावली बुडाशीच राहते. यावरून दोन गोष्टी ठरतात. तळ्याच्या दक्षिणेस उंच झाड लावले तर थंडीत, जेव्हा पाण्यास उन्हाची गरज असते, तेव्हाच त्याची सावली पाण्यावर पडते. उलट उत्तरेस लावलेल्या झाडाची सावली पाण्यापासून दूर जाते. म्हणून पुष्पवृक्षांची मुख्य रांग उत्तरेस असावी.

याचा दुसरा लाभ असा की, घर किंवा ओटा तळ्याच्या दक्षिणेस असेल तर ऊन पाहणाऱ्याच्या पाठीवर येते, समोरच्या फुलांवर पूर्ण उजेड पडतो आणि त्यांचे प्रतिबिंब पाण्यात स्वच्छ दिसते. मासळीचे हित व डोळ्यांचे सुख येथे एकाच बाजूस आहेत.

वाऱ्याचा विचार असा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य व पश्चिमेकडून जोराने येतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरही तो बहुधा पश्चिमेकडचाच असतो. पानगळीचा मुख्य काळ माघ ते चैत्र. तेव्हा पश्चिमेस व नैर्ऋत्येस फार पाला टाकणारे झाड असले की तो पाला थेट पाण्यात येतो. ते मोडले तरी पाण्यावरच पडते. त्या बाजूस दोन-तीन बकुळी, त्याही दूर, पुरेत. उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी त्यांची थोडी सावली तळ्याच्या काठावर आली तर ती हितावहच आहे. पूर्व बाजू मोकळी ठेवावी, कारण रात्रभर प्राणवायूला आसावलेल्या पाण्यावर सकाळचे ऊन जितके लवकर पडेल तितके बरे.

उन्हाळ्यात सावली हवीच असेल तर ती झाडाची न देता कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांची द्यावी. ही कुंडीत लावून तळ्याच्या उथळ कडेस ठेवावी आणि त्यांच्या पानांनी पाण्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग झाकू देऊ नये.

अंतराविषयी आमचा ठोकताळा असा आहे. पारिजातकासारखे लहान झाड पाण्याच्या काठापासून १२ ते १५ फूट. ताम्हण, अशोक, देवकांचन, सोनचाफा २० ते २५ फूट. बहावा व पळस ३० फूट. बकुळ ३५ ते ४० फूट. दक्षिणेस जे काही लावावयाचे ते काठापासून निदान त्याच्या पूर्ण उंचीइतके दूर असावे. एकही फांदी पाण्यावर झुकू देऊ नये. झुकलेल्या फांदीवर खंड्या पक्षी बैठक धरतो, पाणकावळा पंख वाळवितो, आणि तळ्यातील बोटुकली दिवसेंदिवस कमी होत जातात.

बांधावर मात्र कोणताही वृक्ष लावू नये. खोदाईची माती भुसभुशीत असते. तीत मुळ्या खोल जातात, आणि पुढे झाड मेले वा तोडले म्हणजे त्या मुळ्या कुजून त्यांच्या जागी पोकळ नळ्या तयार होतात. त्यांतून पाणी झिरपू लागते व अखेर बांध फुटतो. काळ्या जमिनीत आणखी एक भय आहे: झाड उन्हाळ्यात ओल ओढून घेते आणि जमिनीस भेगा पडतात. बांध धरून ठेवण्यास वाळा व हरळी यांसारखे गवतच योग्य.

एका तळ्याची आखणी

वर सांगितलेल्या ६० × ४० फुटांच्या तळ्याचा विचार करू. त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम असावी. उत्तरेस, काठापासून २५ फुटांवर, एकमेकांत २० ते २५ फूट ठेवून दोन ताम्हण व मध्ये एक सीता अशोक लावावा. ईशान्य कोपऱ्यात ३० फुटांवर एक बहावा. वायव्येस २५ फुटांवर एक देवकांचन. पश्चिमेस ४० फुटांवर दोन बकुळी. दक्षिणेस, ओट्याच्या एका अंगास, काठापासून १५ फुटांवर एक पारिजातक, तोही छाटून १२ फुटांच्या आत ठेवलेला. सोनचाफा घराच्या दाराशी असावा. त्याचा सुगंध तळ्यापर्यंत आपोआप येतो. पळस सीमेवर. एवढी दहा झाडे पुरेत. यायोगे माघापासून ज्येष्ठापर्यंत अशोक, पळस, बहावा व ताम्हण, पावसाळ्यात सोनचाफा, आणि भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत पारिजातक व देवकांचन अशी फुलांची मालिका वर्षाचा बहुतेक भाग चालू राहते.

लागण व वर्षभराची कामे

वैशाखात ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावे. मुरमाड जागी खड्ड्यात पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरावे. रोप आषाढाच्या सुरुवातीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावे आणि काठीचा आधार द्यावा. पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते.

खड्ड्यात वाळवीचे औषध घालण्याची व झाडावर कीटकनाशक मारण्याची सवय अनेकांस आहे. तळ्याच्या उताराकडे हे करू नये. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे माशांस अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती तळ्यात उतरतात. औषध मारण्याचा पंप तळ्यात धुणे हाही तसाच घातक प्रकार होय.

माघ ते चैत्र: तळ्यावर अर्ध्या इंचाहून लहान भोकांची जाळी ताणावी आणि काठावरचा पाला दर दोन दिवसांनी काढावा. हा पाला फेकू नये, खत करावे. वैशाख-ज्येष्ठ: पाकळ्या व शेंगा वेचाव्या, मृगापूर्वी झाडांखालची जागा झाडून स्वच्छ करावी व काठाबाहेर एक उथळ चर काढावा, म्हणजे पहिल्या पावसाचा लोंढा तळ्यात न येता बाहेर जाईल. आषाढ-श्रावण: मोडक्या फांद्या काढाव्या. कार्तिकानंतर: पारिजातकाचा बहर संपल्यावर त्याची छाटणी करावी आणि पाण्याकडे वळलेल्या इतर फांद्या उतरवाव्या. पहाटे मासे धापा टाकताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद करावे, पंपाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे आणि तळाचा पाला काढावा.

तळे भरण्यास विहिरीचे किंवा पावसाचे पाणी घ्यावे. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या शहराखालच्या भागात सांडपाणी व जलपर्णी यांनी पाण्याची काय दशा झाली आहे हे सर्वांस ठाऊक आहे. ते पाणी तळ्यात आणले तर वरील सारा खटाटोप व्यर्थ.

आधीच विचार का करावा

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पीक चुकले तर पुढच्या हंगामात सुधारता येते. झाड चुकले तर तसे करता येत नाही. मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे ही गावे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग ते आपल्याच आवारात आपल्याच हाताने लाविलेले का असेना. हा कायदा योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की, आज पाण्याला लागून लाविलेला गुलमोहोर वीस वर्षांनी तळे नासवू लागला, तरी तो सहजासहजी काढता येणार नाही. मासळी जाईल आणि झाड राहील.

तेव्हा रोपे आणण्यापूर्वी जेथे हे वृक्ष पूर्ण वाढलेले आहेत तेथे एकदा जाऊन यावे. पुण्यास एम्प्रेस गार्डन आहे, कृषी महाविद्यालयाचे आवार आहे. तेथे माघ-फाल्गुनात जावे, म्हणजे फुलांबरोबर झाडाखालचा पालाही पाहावयास मिळेल. तो किती पडला आहे, केवढा आहे, किती दूरवर उडाला आहे, हे पावलांनी मोजून घ्यावे, आणि मग आपल्या तळ्याकाठी खुंटी ठोकावी.